मोडणारा आधी ठरवा: पानं, माती आणि पाणी घेऊन नाशवंत कलेची सुरुवात

दिवाळीतला किल्ला बांधायला तीन-चार दिवस लागतात. दगड-विटा रचायच्या, वर पोतं अंथरायचं, चिखल लिंपायचा, अळीव नाहीतर मोहरी पेरायची, मग पायऱ्या, तळं, बुरूज, आणि सगळ्यात शेवटी महाराज आणि मावळे. भाऊबीज झाली की महाराज डब्यात जातात आणि किल्ल्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. बघण्यासारखं खरं तर तेव्हाच सुरू झालेलं असतं. अळीव पिवळे पडून आडवे होतात. चिखल वाळतो, भेगाळतो, आणि आत दगड कुठे आहे, पोकळी कुठे आहे हे त्या भेगा बाहेरून दाखवायला लागतात. तळ्याच्या काठची माती सगळ्यात आधी ढासळते. एखादी मांजर बालेकिल्ल्यावर उन्हाला येऊन बसते.

हा लेख त्या नंतरच्या दिवसांसाठी आहे. पानं, फुलं, माती, पीठ, काड्या घेऊन काहीतरी मांडायचं आणि मग ते कसं वाळतं, विरतं, कुजतं ते नीट बघायचं, याची सुरुवात कशी करावी हे मी माझ्या जमलेल्या आणि फसलेल्या प्रयोगांवरून सांगते. चित्रकला यावी लागत नाही. मलाही येत नाही.

आपल्या घरांत हे नवीन नाही. हरतालिकेला वाळूची पिंड करतात आणि दुसऱ्या दिवशी विसर्जित करतात. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात, नऊ दिवस ते वाढवतात आणि दसऱ्याला उपटून टोपीत खोवतात. दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत टिकली तरी खूप. फरक एकच आहे. आपल्या रीतींमध्ये मोडण्याचा मुहूर्त ठरलेला असतो आणि मोडणं बहुतेक वेळा नजरेआड होतं. गणपती पाण्यात सोडला की आपण पाटावर थोडी वाळू घेऊन मागे वळतो. मूर्तीचं पुढे काय होतं ते पाण्याखाली राहतं. ज्यांनी घरी बादलीत विसर्जन सुरू केलं त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं असेल. आमच्याकडे पहिल्या वर्षी सासूबाई सकाळी बादलीत डोकावल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. पाणी मात्र त्यांनीच तुळशीला आणि जास्वंदीला घातलं.

पहिली पायरी: कोण मोडणार?

नवखा माणूस आधी वस्तू गोळा करतो, मग काय करायचं याचा विचार करतो. मीही तसंच करायचे. मग अर्धी पानं वाऱ्याने जायची, उरलेली केरात जायची आणि बघायला काही राहायचं नाही. आता मी उलट्या बाजूने सुरू करते. आपली मांडणी कोणी मोडायची ते आधी ठरवायचं, मग त्याला साजेसं साहित्य घ्यायचं.

मोडणारे फार नाहीत. पाणी मिनिटांत काम करतं. मुंग्यांना एखादा दिवस लागतो. ऊन आठवडाभर घेतं. बुरशी आणि कूज पावसाळ्यात तीन-चार दिवसांत दिसू लागतात, पण पान पुरतं कुजायला महिनाभर तरी जातो. वारा बेभरवशाचा आहे, सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका. आणि माणसांचे पाय. हा मोडणारा आपण सहसा विसरतो, आणि तोच सगळ्यात आधी येतो.

याचं मोठ्या प्रमाणावर केलेलं उदाहरण म्हणजे ब्रिटिश शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी यांनी लंडनमध्ये ठेवलेले बर्फाचे गोळे. स्कॉटलंडमधल्या हिवाळ्यात बनवून शीतगृहात जपलेले १३ प्रचंड गोळे त्यांनी २१ जून २००० रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, शहराच्या रस्त्यांवर ठेवले. प्रत्येक गोळ्याच्या पोटात काहीतरी दडवलेलं होतं: कुठे लोकर, कुठे धान्याची कणसं, कुठे कावळ्याची पिसं. गोळा जसा वितळत गेला तसं ते बाहेर येत गेलं. आधी मोडणारा ठरला, मग त्याला उघडून दाखवायला आत काहीतरी ठेवलं गेलं. गोळ्याची घरगुती आवृत्ती मुलांना फार आवडते. एका वाडग्यात पाणी, चिंचोके (गुंजा नकोत, त्या विषारी असतात), दोन-चार पानं आणि खडे घालून फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा आणि एप्रिलच्या दुपारी गच्चीवर पालथं करा.

दुसरी पायरी: जागा

गॅलरीचा कोपरा, गच्ची, खिडकीचा कठडा, सोसायटीच्या मागची मोकळी पट्टी, यांतलं काहीही चालेल. अट एकच, तुम्ही तिथून रोज जात-येत असायला हवं. मुद्दाम जाऊन बघावं लागेल अशी जागा तीन दिवसांत सुटते. डोंगरावर, नदीकाठी जायचा मोह होतो. तो नंतर.

माझी पहिली मांडणी सोसायटीच्या आवारात बदामाखाली होती. रविवारी दुपारी दोन तास खपून मी पानांचं वर्तुळ केलं. मोडणारा ठरवला होता ऊन. सोमवारी सकाळी सातला झाडूवाल्या मावशी आल्या आणि सव्वासातला वर्तुळ पोत्यात होतं. चूक माझीच होती. त्यांचं कामच ते. आता मी आधी सांगते, आणि त्या कधी कधी स्वतःहून एखादं चांगलं पान बाजूला काढून ठेवतात. तेव्हा जागा सामाईक असेल तर झाडणाऱ्या माणसाशी बोलून घ्या. वॉचमनशीही. नाहीतर करणी केली आहे असा समज व्हायलाही वेळ लागत नाही. फुलं, हळद आणि लिंबू एकत्र ठेवू नका, एवढं पथ्य पाळलं तरी बरंच निभावतं.

तिसरी पायरी: गोळा करणं

गळून पडलेलंच घ्यायचं. यात पुण्य कमावण्याचा भाग नाही. तोडलेलं पान आणि गळलेलं पान वेगळ्या तऱ्हेने वाळतं. गळण्याआधी झाडाने पानातला उपयोगाचा ऐवज परत ओढून घेतलेला असतो, देठाशी सांधा बंद केलेला असतो. तोडलेलं पान नुसतं कोमेजतं. गळलेल्याचे रंग बघण्यासारखे असतात.

थंडी सरता सरता देशी बदामाची पानं पिवळी, केशरी, लाल, किरमिजी होऊन पडतात. नवख्यासाठी यासारखं साहित्य नाही, एकेक पान तळहाताहून मोठं असतं. फाल्गुनाच्या सुमारास पळस आणि काटेसावरीची फुलं, मग बहाव्याच्या पाकळ्या. पावसाळा उतरताना प्राजक्त. प्राजक्ताचा सडा पहाटे पडतो आणि दुपारपर्यंत पाकळ्या मलूल होतात, म्हणून त्याची मांडणी सकाळी सातच्या आत व्हायला हवी. याच्या उलट बकुळ. बकुळीचं फूल सुकून तपकिरी झालं तरी वास सोडत नाही. ही दोन फुलं शेजारी ठेवून बघा, एकाच पाटावर. कुजणं आणि वाळणं ही वेगवेगळी कामं आहेत, हे त्या पाटाइतकं चांगलं मी कुठे शिकले नाही.

काय टाळायचं तेही सांगते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. शेर आणि निवडुंगाच्या चिकाचंही तेच. कण्हेर सगळीच्या सगळी विषारी आहे, मुलं बरोबर असतील तर तिला हात नको. खाजकुयलीच्या शेंगा मखमली दिसतात म्हणून कोणी उचलल्या की पुढचे दोन तास फक्त खाजवण्यात जातात. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. पाचोळ्याच्या ढिगात थेट हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं, खाली विंचू असू शकतो.

अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांतून काहीही आणायचं नाही. तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू असतो. कासच्या पठारावर तर फुलाला हातसुद्धा लावू नये, पायाखाली आलेलं फूलही तिथेच राहू द्यावं. समुद्रकिनाऱ्यावरचे रिकामे शंखही सोडून द्या, शंखात राहणाऱ्या खेकड्यांना घरं कमीच पडतात. आणि नदीतले गोटे उचलून एकावर एक रचायची जी टूम निघाली आहे तीही नको. त्या गोट्यांच्या खालच्या बाजूला जीव राहत असतात.

निर्माल्य वापरायचं असेल तर घरातल्यांना आधी विचारा. काही घरांत ते चालतं, काहींत नाही, आणि यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

पहिला प्रयोग: बदामाची पट्टी (मोडणारा: ऊन)

गळलेली वीसेक पानं घ्या. हिरवटपासून काळपट किरमिजीपर्यंत रंगांच्या क्रमाने एका रेषेत मांडा. क्रम लावताना जो वेळ जातो तोच या प्रयोगाचा अर्धा भाग आहे. पाचव्या आणि सहाव्या पानात फरक काय हे ठरवताना डोळा तयार होतो. पानं एकमेकांना जोडायची असतील तर चिकटपट्टी किंवा फेविकॉल नको. खराट्यातला एक हीर काढा, त्याचे बोटभर तुकडे करा आणि पत्रावळ टाचतात तशी पानं टाचा. घरात कोणी पत्रावळी लावलेलं म्हातारं माणूस असेल तर त्यांच्याकडून टाचणी शिकून घ्या, आपण दहा पानं फाडतो तिथे त्यांचं एक फाटत नाही.

मग रोज एका ठरावीक वेळी बघा. पानातलं हरितद्रव्य आधीच मोडलेलं असतं, म्हणून पिवळे-केशरी रंग उघडे पडलेले असतात. लाल रंग बऱ्याच पानांत गळण्यापूर्वी नव्याने तयार होतो. उन्हात हे सगळे रंग तपकिरीकडे सरकतात, पण एका वेगाने नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही लावलेला क्रम विस्कटलेला दिसेल. पानं गुंडाळतात, कडा वर उचलतात, पट्टीची सावली जाड होते. साधारण आठवड्याने सगळी पानं जवळपास एका रंगाची होतात आणि मग फक्त आकार उरतात.

दुसरा प्रयोग: शाडूची वाटी (मोडणारा: पाणी)

एकच प्रयोग करणार असाल तर हा करा.

पाव किलो शाडूची पावडर घ्या. गणपतीच्या आधी कुठेही मिळते, एरवी मूर्तिकारांकडे किंवा कलासाहित्याच्या दुकानात. परातीत घेऊन थोडं थोडं पाणी घालत कणकेसारखी मळा. पाणी एकदम ओतलंत तर चिखल होईल. दहा मिनिटं चांगली मळली की ओल्या फडक्यात तासभर झाकून ठेवा. मग लिंबाएवढा गोळा घेऊन अंगठ्याने मधे खळगा करत करत वाटी घडवा, पुरणपोळीचा उंडा भरताना करतो तशीच. भिंत पाच-सहा मिलिमीटर जाड, सगळीकडे सारखी. अशा दोन वाट्या करा. एक सावलीत तीन-चार दिवस पूर्ण वाळू द्या. दुसरी एक दिवसच वाळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा, म्हणजे ती अर्धओली राहील. वाटी पूर्ण वाळली का हे ओळखायची कुंभारांची रीत सोपी आहे. गालाला लावून बघायची. गार लागली तर आत ओल आहे.

आता दोन ताटल्यांमध्ये बोटभर पाणी घ्या आणि दोन्ही वाट्या एकाच वेळी अलगद ठेवा. कोणती आधी विरघळेल? बहुतेक सगळे म्हणतात, ओली. ती आधीच मऊ आहे ना. होतं उलट. खडखडीत वाळलेली वाटी पाणी लागताच बुडबुडे सोडायला लागते. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते. काही मिनिटांत तिच्या बुडाचे पापुद्रे सुटतात, भिंत खाली बसते, आणि बघता बघता ताटलीत मातीचा ढीग असतो. अर्धओली वाटी मात्र तशीच उभी राहते, कधी कधी संध्याकाळपर्यंत. कोरड्या मातीत बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा असते. पाणी झपाट्याने आत ओढलं जातं, हवा कोंडते, माती फुगते आणि आतूनच फुटत जाते. ओल्या मातीत त्या पोकळ्या आधीच पाण्याने भरलेल्या असतात, घाई करायला जागाच नसते.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मोबाईल हातात होता आणि एकही फोटो काढला नाही. वाटी बसताना तिचा काठ शेवटपर्यंत गोल राहिला होता, एवढंच आठवतं. बूड गेलं, भिंत गेली, तरी काठ पाण्यावर काही क्षण तसाच.

तिसरी ताटली हवी असेल तर शेजारी कुंभाराकडची भाजकी पणती ठेवा. तिला काही होणार नाही. भट्टीत साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग ती माती पुन्हा चिखल होत नाही. हजारो वर्षांपूर्वीची खापरं उत्खननात सापडतात ती म्हणून. प्लास्टर ऑफ पॅरिसही असं विरत नाही, ते जिप्समचं घट्ट झालेलं रूप आहे. त्यामुळे दुकानदार ‘शाडूच आहे’ म्हणाला तरी एक वाळलेला तुकडा पाण्यात टाकून बघा, उत्तर लगेच मिळतं.

तिसरा प्रयोग: पिंपळाची जाळी (मोडणारा: कूज)

शाळेत पिंपळाचं पान वहीत ठेवलं की जाळी पडते असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. वहीत ठेवलेलं पान वाळतं, बहुधा एवढंच. जाळी हवी असेल तर पानाला कुजावं लागतं आणि कुजायला पाणी लागतं.

पिंपळाची जून, न फाटलेली सात-आठ पानं एका जुन्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा, वर खडा ठेवा म्हणजे ती तरंगणार नाहीत. डब्याच्या तोंडाला जाड फडकं घट्ट बांधा. हे विसरू नका, उघड्या साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची पैदास होते आणि डेंग्यूचा डास असलंच पाणी शोधत असतो. डबा स्वयंपाकघरापासून लांब. दुसऱ्या आठवड्यात येणारा वास हा या प्रयोगाचा भाग आहे, पण घरातल्यांना तसं पटवणं अवघड जातं.

तीन-चार आठवड्यांत पान बुळबुळीत होतं. ताटात थोडं पाणी घेऊन त्यात ते पसरा आणि मऊ, जुन्या टूथब्रशने हलके थोपटा. घासू नका. गर सुटून येतो आणि शिरांचं जाळं राहतं. पानाचा मऊ भाग जिवाणू आणि बुरशी आधी खातात. शिरांमध्ये लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन असतं, ते पचवणं त्यांना जड जातं. एखाद-दुसरं पान नक्की फाटेल. माझी आठातली तीन फाटली होती.

जाळी झाली की बहुतेक जण ती ग्रीटिंगकार्डावर चिकटवतात. ठीक आहे. पण एक पान तसंच मातीवर ठेवून द्या, कुंडीत, उघड्यावर. जाळीही जाते. फक्त सावकाश.

झटपट करण्यासारखं आणखी

मुंग्यांसाठी रांगोळी. बाजारातली रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, तिला मुंग्या विचारत नाहीत. तांदळाची पिठी हवी, तमिळनाडूत कोलम घालायला पूर्वापार वापरतात तशी. पिठीत चिमूटभर गूळ कुस्करा. एक रेघ जाड काढा, एक बारीक, आणि दुपारी बघा कोणती आधी तुटते. घराच्या भिंतीला लागून काढू नका, मुंग्यांना घरचा रस्ता कळतो.

हळद आणि गेरू. जुन्या सुती कापडावर हळदीचा एक गोल, गेरूचा एक गोल, डिंकाच्या पाण्यात कालवून. दोन्हींचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि चार-पाच दिवस उन्हात ठेवा. पुठ्ठा काढल्यावर हळदीच्या गोलात दोन वेगळे पिवळे दिसतील, गेरूत फरक दिसणार नाही. हळदीचा रंग उन्हात मोडतो, गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साईड, त्याला उन्हाचं काही वाटत नाही. वारली घरांच्या भिंतींवर गेरू आणि शेणाचा थर आणि त्यावर तांदळाच्या पिठाचं पांढरं चित्र असे, लग्नाच्या निमित्ताने काढलेलं. पाऊसपाण्यात ते झिजणार हे काढणाऱ्या बायकांना माहीत असे. पुढे जिव्या सोमा म्हशे यांनी ते कागद आणि कापडावर आणलं. आणि एक जुळणी मला फार आवडते: गवतावर एकाच रेषेत ये-जा करून नुसती पायवाट उमटवणारे, १९६७च्या त्या रेषेसाठी ओळखले जाणारे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग आणि आपले जिव्या म्हशे यांचं २००३मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला एकत्र प्रदर्शन झालं होतं.

बुरशीची बरणी. काचेच्या पारदर्शक बरणीत ओलसर भाकरीचा तुकडा, लिंबाची फोड, एखादं फूल. झाकण घट्ट लावा आणि पुन्हा उघडू नका, ज्यांना दमा आहे त्यांनी तर नाहीच. पांढरी लव, मग हिरवट-करडे ठिपके, मग सगळं खाली बसणं. ब्रिटिश कलावंत अन्या गॅलाचिओ यांनी जरबेराची शेकडो फुलं काचेच्या तावदानामागे दाबून ती तशीच कुजू दिली होती. लोक आधी रंगासाठी जवळ जायचे. बरणीत तेच होतं, आकाराने लहान. शेवटी बरणी न उघडता टाकून द्या.

पावसाची सावली. गोल्ड्सवर्दींचीच युक्ती. पहिले थेंब पडायला लागले की जमिनीवर आडवं व्हायचं, आजूबाजूची जमीन भिजेपर्यंत हलायचं नाही, मग पटकन उठायचं. खाली तुमच्या आकाराची कोरडी आकृती असते. ती पुसायला पावसाला काही सेकंद पुरतात. शहाबादी फरशीवर उत्तम दिसते. वळवाच्या पावसात हे करायचा मोह होतो, पण वळीव विजा घेऊन येतो. गडगडाट ऐकू आला की आत. जूनमधली शांत भुरभुर बरी. मी केलं तेव्हा समोरच्या इमारतीतल्या काकू ‘अगं, पडलीस का?’ म्हणून ओरडल्या आणि मी हसले, त्यामुळे माझ्या सावलीला नीट डोकं नव्हतं.

नोंद कशी ठेवायची

फोटो काढा, पण एकाच जागेवरून, एकाच वेळी. जमिनीवर खडूने पावलांच्या खुणा करा आणि रोज तिथेच उभं राहा. दिवसाला एक पुरे. पन्नास काढलेत तर एकही पुन्हा बघणार नाही. फोटोपेक्षा वहीतल्या दोन ओळी मला जास्त उपयोगी पडतात, कारण वास, आवाज आणि स्पर्श फोटोत येत नाहीत. ‘मंगळवार. डब्याला गटाराचा वास. पान अजून ताठ.’ असं काहीही. वार आणि हवामान लिहा. पुढच्या वर्षी तोच प्रयोग केलात तर वहीच खरी कामाची.

फोटो ठेवणं म्हणजे फसवणूक आहे का, असा प्रश्न मला एकदा एका मुलीने विचारला होता. जे टिकू नये असं आपण म्हणतो तेच आपण टिकवतोय ना? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. मी वर्षाअखेरीस बरेचसे पुसून टाकते, सगळे नाही.

हमखास होणाऱ्या चुका

चमकी, रंगीत रांगोळी, नायलॉनचा दोरा, प्लॅस्टिकची फुलं. आपली मांडणी कुजून जाते आणि चमकी पाच वर्षांनीही कुंडीत चमकत असते. दुसरी चूक, मधे हात घालणं. तिसऱ्या दिवशी एक पान वाकडं झालं की सरळ करावंसं वाटतं. करू नका. तिसरी, फार मोठं करणं. ताटात मावेल एवढं पुरे. चौथी चूक मी अजूनही करते: कंटाळा आला की आठवड्यानंतर बघणं सोडून देते, आणि मग कधीतरी लक्षात येतं की मधलं सगळं निसटून गेलं.

कोणाला हे करताना जड वाटू शकतं, विशेषतः घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर. कुजण्याचे प्रयोग तेव्हा बाजूला ठेवा. वाटी करा, ती पुन्हा करता येते.

उरलेलं कुठे जातं

पानं, फुलं, पिठी कुंडीत किंवा कंपोस्टच्या डब्यात. जाळीचं पाणी झाडांना, मुळाशी. हळदीचं कापड पुसायला. शाडूचा गाळ मात्र टाकू नका आणि मोरीत तर मुळीच ओतू नका, पाइप तुंबतो. ताटली एक दिवस स्थिर ठेवा, वरचं निवळ पाणी हळूच ओतून काढा आणि खालचा गाळ जुन्या सुती कापडावर पसरा. दोन दिवसांत तो मळण्याजोगा घट्ट होतो. पुन्हा मळा, पुन्हा वाटी. प्रत्येक वेळी थोडी माती कापडाला आणि हाताला जाते, वाटी थोडी लहान होते. माझ्या त्या पहिल्या पाव किलोतली सध्या पाचवी वाटी गॅलरीत वाळते आहे. काल गालाला लावून बघितली. अजून गार आहे.